बाहेरचं, आतलं आणि चिंचोके

रिपोर्टचं पाकीट उघडून मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "बाय, आकडा तेवढा वाच." मला आकडे वाचता येतात, पण त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. तिने वाचला. मागच्या खेपेपेक्षा खाली आला होता, चांगला खाली. मी पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं, पनवेलच्या त्याच गल्लीत टपरीवर बसलो आणि कधी नाही ते दोन चहा प्यायलो. घरी फोन केला नाही. करायचा नाही असं ठरलं होतं. दुसरा चहा संपता संपता मुलाचाच फोन आला. सुनील म्हणाला, "बाबा, आईला दवाखान्यात आणलंय. तुम्ही घरी जाऊ नका, इकडेच या." मी विचारलं, "कशी हाय?" तो म्हणाला, "या तुम्ही." ... 'या तुम्ही' म्हणजे काय ते या वयात कळतं. रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता. मी पोचलो तोवर मंजुळाच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. छातीत कळ आली, खुर्चीत बसली, बसल्या जागी गेली, असं सुनेनं सांगितलं.

आता दीड महिना झाला. लोक येतात, बसतात, तिच्या हातच्या भाकरीची आठवण काढतात. भाकरी चांगलीच करायची, त्यात वाद नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या आकड्याचं. आकडा माझ्या रक्तातला, माझ्या कॅन्सरचा. तरी परीक्षा तिची होती. मी कुठले शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे ते तिने निवडलं होतं. निवड बरोबर की चूक ते तो कागद सांगणार होता, आणि तो कागद खिशात ठेवून मी चहा पीत बसलो होतो.

मी चौथी शिकलो, मंजुळाने शाळेचं दारसुद्धा बघितलं नाही. आम्ही दोघं उरणकडच्या मिठागरावरची माणसं. आता तिथे द्रोणागिरीची गोदामं उभी आहेत, एवढे ट्रक लागतात की आपण कुठे उभे होतो ते दाखवता येत नाही. मी मीठ ओढायचो आणि ती टोपली डोक्यावर घेऊन राशीवर टाकायची. कमरेला चिंचोक्यांची पुरचुंडी. टोपली टाकली की एक चिंचोका राशीजवळच्या मडक्यात. दिवस मावळताना मडकं उपडं करायचं. लिहिणारे चुकायचे, ती नाही. पुढे मिठागर बंद पडलं, आम्ही पनवेलला आलो, मी एका कंपनीत पाण्याच्या पंपावर लागलो. पण मोजायचं म्हटलं की ती चिंचोकेच काढायची. लग्नाच्या पंगती, पापड, नातवंडांच्या गोळ्या, सगळं चिंचोक्यांवर. सुनील म्हणायचा, "आई, मोबाईलमध्ये मोजता येतं." ती म्हणायची, "मोबाईल बंद पडतो. चिंचोका बंद पडलेला बघितलास कधी?"

आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी सोडलं आणि म्हातारपणी स्वतःचं सोडायची पंचाईत झाली. धार बारीक, उभं राहून राहून पाय दुखायचे. तपासण्या झाल्या, तुकडा काढून बघितला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. वेळेत सापडलाय, कुठे पसरलेला नाही, शेक देऊन बरा होण्यासारखा आहे. शेक दोन तऱ्हेचे. एक बाहेरचा, म्हणजे मशीनखाली निजायचं, शनिवार-रविवार सोडून रोज, काही आठवडे. दुसरा आतला, म्हणजे भूल देऊन सुया घालायच्या आणि सुयांमधून आतल्या आत शेक द्यायचा, एकदोन खेपांत काम. आजाराला दोन्ही चालतील, फरक पडेल तो त्रासात, साईड इफेक्टमध्ये. घरी विचार करा आणि या.

आमच्या घरी विचार करायला पहिली आली ती माझी मोठी बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो, उरणजवळ मोऱ्याला असते. सुनीलने तिला फोनवर सांगितलं होतं, "बाबांना बहुतेक बाहेरचं घ्यावं लागेल." आमच्यात 'बाहेरचं' म्हणजे भूतबाधा. आक्का दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. पिशवीत भगताने मंतरलेलं लिंबू आणि अंगाऱ्याची पुडी. दारातूनच सुरू झाली, "मी लग्नापासून सांगतंय याला, मिठागरावरून येताना त्या वडाखाली मुतू नको, मुतू नको. ऐकलं का यानं? आता धरलं ना नेमकं तिथंच!" मंजुळा आठ दिवस जेवली नव्हती धड. ती जमिनीवर बसून पोट धरून हसली. म्हणाली, "आक्का, यांना भगत नको, मशीन हाय." आक्का रुसली, पण जेवायला थांबली. लिंबू मंजुळाने तळलेल्या मांदेलीवर पिळलं. आक्कानेही खाल्लं.

तपासण्यांसाठी हॉस्पिटलात आठ-दहा खेपा झाल्या. शेकाच्या खोलीबाहेर बाकडी असतात. माझ्यासारखे म्हातारे पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेले. पुरुषांना विचारलं, काय त्रास होतो, तर सगळे एकच सांगतात, "काही नाही हो, एकदम ओके." एक जण असं म्हणाला आणि तसाच उठून संडासाकडे पळाला. मंजुळा त्यांच्या नादाला लागलीच नाही. ती त्यांच्या बायकांशेजारी बसली. घरी दोन पेले काढून ठेवले होते, पितळी पेला बाहेरच्या शेकाचा आणि स्टीलचा पेला आतल्याचा. हॉस्पिटलात ऐकायचं, नाव नाही गाव नाही, नुसता त्रास ध्यानात ठेवायचा आणि घरी आल्यावर त्या त्या पेल्यात चिंचोके टाकायचे. रात्री चारदा उठतो, एक चिंचोका. जळजळ, एक. संडासला धावावं लागतं, एक. मी म्हटलं, "ही कसली गो मोजणी? एकाला रक्त पडतं त्याला एक आणि एकाला नुसती जळजळ त्याला पण एकच?" तिने हातातला चिंचोका खाली ठेवला. मग म्हणाली, "बरोबर हाय. रक्ताला चिंचेचा आख्खा आकडा, शेंगेसकट."

तिथे नवीन पनवेलचे जोशीसाहेब यायचे, ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांनी आतले शेक घेतले होते, तपासणीला येत. त्यांच्या बाईंशी मंजुळाचं जमलं. मी शेजारच्या बाकावर होतो, सगळं ऐकू येत होतं. जोशीबाईंनी सांगितलं, पोटाचा काही त्रास नाही, पण लघवी सुरुवातीला अडलीच, नळी घालावी लागली, नंतर आग फार. मंजुळाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि ते?"

"ते म्हणजे?"

"तेच गो बाय, नवरा-बायकोचं."

जोशीबाईंनी रुमाल तोंडाला लावला. "अहो मंजुळाबाई, सत्तरी उलटली यांची!"

"सत्तरी त्यांची उलटली. तुमची कुठं?"

जोशीसाहेबांनी पेपर आणखी वर धरला. जोशीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "कमी होईल असं सांगितलं होतं... झालं." मंजुळाने तेच पुढे बाहेरचे शेक घेतलेल्यांच्या दोन-तीन बायकांनाही विचारलं. तिथेही तसंच. त्याचे चिंचोके दोन्ही पेल्यांत सारखे पडले.

ठरवायच्या दिवशी तिने दोन्ही पेले पिशवीतून आणले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. मी लाजेने जमिनीकडे बघत होतो. डॉक्टर म्हणाले, "हे काय?" तिने समजावून सांगितलं. आतल्याच्या पेल्यात लघवीचं जास्त, बाहेरच्याच्या पेल्यात पोटाचं जास्त. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, प्रत्येकाचं वय वेगळं, आजार वेगळा, दहा-वीस जणांवरून ठरवता येत नाही. पण यांच्या बाबतीत मी पण तेच सांगणार होतो. यांची धार आधीच बारीक आहे. सुयांनी सूज आली तर लघवी अडायची भीती जास्त. तरी दोन्ही वाटा खुल्या आहेत, तुम्ही सांगा." माझ्याकडे बघून विचारत होते. मी मंजुळाकडे बघितलं. ती म्हणाली, "बाहेरचं द्या. धावले तर धावतील, तुंबायला नकोत." आणि खोलीबाहेर आल्यावर मला म्हणाली, "चुकलं तर माझ्या माथी." मी त्यावर बोलायला हवं होतं. 'तुझ्या माथी कशाला, सही माझी हाय' एवढं तरी. मी म्हटलं, "चल, रिक्षा मिळायची नाय."

बाहेरच्या शेकाला दुखत काही नाही. मशीन फिरतं, घरघरतं, संपलं. पण पोट रिकामं हवं आणि लघवीची पिशवी भरलेली हवी. पाणी पिऊन बसायचं आणि नेमका आपला नंबर लांबायचा. मंजुळा म्हणायची, "धरा धरा, पंपावर होता ना तुमी?" दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू झाला. जळजळ, मिनिटा-मिनिटाला संडास, आणि थकवा असा की जेवताना मान पडायची. रात्रीचं डॉक्टर दर आठवड्याला विचारायचे, किती वेळा उठता? म्हणून तिने पितळी पेल्यातले चिंचोके पुरचुंडीत बांधले आणि पेला धुऊन माझ्या उशाशी ठेवला. उठलो की एक चिंचोका टाकायचा, सकाळी ती मोजणार. मी पाच-सहा वेळा उठायचो आणि तीन टाकायचो. जास्त सांगितलं की तिचं तोंड उतरायचं, म्हणून. हे मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मलाच ऐकायचं नसायचं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, "तीन." शेजारच्या खुर्चीतून मंजुळा म्हणाली, "पाच. परवा सहा."

मी चिडलो. "पेल्यात तीन होते गो! तूच मोजलेस!"

"तीन पेल्यात, दोन तुमच्या पोटात."

डॉक्टर त्या दिवशी मात्र हसले, आणि औषध बदललं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "हात सोडताव ना तुमी."

आता हे सांगायला नको होतं, पण आता लाजायचं कुणासमोर. शेक चालू झाले तसं ते नवरा-बायकोचं माझं बंदच पडलं. मी आतून आंबलो होतो, भिंतीकडे तोंड करून निजायचो. एके दिवशी तिने मला सरळ केलं आणि म्हणाली, "हात हाय ना शाबूत? मग हात द्या." चाळीस वर्षांवर संसार केला, पण लग्नात धरला तेवढाच हात, त्यानंतर हात धरून कुठे गेलो नव्हतो. मिठाने दोघांचेही तळवे फुटलेले, खरखरीत. तेव्हापासून माझा डावा आणि तिचा उजवा. उठायचं तर सोडावाच लागायचा. मी चिंचोका टाको न टाको, तिचा आकडा तयार.

शेक संपले. दोन महिन्यांत पोट ताळ्यावर आलं, उठणं दोन-तीनवर आलं, पुरचुंडीतले चिंचोके परत पितळी पेल्यात गेले. जोशीबाईंचे फोन यायचे. त्या दोघी मसाल्याचं प्रमाण विचारावं तशा विचारायच्या, "तुमच्याकडे काय?" "जळजळ गेली. तुमच्याकडे?" जोशीसाहेबांचं उलटं झालं होतं. पोट ठणठणीत, पण लघवीची नळी आकसली, ती रुंद करून घ्यावी लागली. मंजुळाला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, ते तिने लपवलं नाही. पण वर्षभराने मला संडासातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, बाहेरच्या शेकाने कधी कधी उशिरा असं होतं, घाबरू नका. दुर्बिणीतून बघितलं, उपचार केले, थांबलं. मंजुळाने घरी येऊन चिंचेचा एक आकडा पितळी पेल्यात टाकला.

आणि मग रक्तातला आकडा चढला. दर काही महिन्यांनी तपासायचा असतो. आतापर्यंत उतरत होता, या खेपेला वर. थोडासाच. डॉक्टर म्हणाले, शेकानंतर असा एखादेवेळी उड्या मारतो, परत खाली बसतो. तीन महिने थांबू, मग कळेल. मी थांबलो. मला थांबता येतं, पंपावर दुसरं काय केलं? तिला जमलं नाही. दुपारी भांडी झाली की दोन्ही पेले जमिनीवर उपडे करायची आणि मोजायची. परत भरायची. परत उपडे. मी म्हणायचो, "मोजून काय वेगळं निघणार हाय?" ती म्हणायची, "आतलं घेतलं असतं तर..." आणि छातीवर तळवा चोळायची. पित्त झालंय म्हणायची. लिंबू-सोडा घ्यायची, ढेकर आली की म्हणायची, बघा, पित्तच. आम्ही सगळ्यांनी पित्तच म्हटलं. माझ्या एकेका थेंबाची मोजणी होती त्या घरात. तिच्या छातीवरचा हात किती वेळा गेला ते कोणी मोजलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याबरोबर आली नाही. "मना पित्त झालंय, तुमी जा," म्हणाली. मी निघालो तर दारापर्यंत आली. "आकडा फोनवर नका सांगू."

"का?"

"फोनवर तुमी खोटं बोलताल. घरी या, समोर बसा नि सांगा. तोंड बघितलं का मना कळतं."

म्हणून मी फोन केला नाही. आता लोक सांगतात, फोन केला असतास तरी ती जायचीच. असेल. पण कळून गेली असती. मी ते तीन-तीन चिंचोके टाकले नसते, तर तिने मला फोनवर सांगू दिलं असतं. हे मला कोणी शिकलेल्या माणसाने खोटं करून दाखवावं.

घरी आणल्यावर बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. जी ती म्हणत होती, भरल्या कुंकवाने गेली, भाग्याची. मला ते भाग्य कळलं नाही. कॅन्सर मला, शेक मला, नंबर माझा, आणि ही रांग मोडून पुढे गेली. उचलायच्या आधी मी खाली बसलो. गुडघे वाकत नाहीत, सुनीलने धरलं. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मंजुळा, आकडा खाली आला. बाहेरचं बरोबर होतं." बायकांना वाटलं, मी देवाचं नाव घातलं कानात. आक्का रडत म्हणाली, "घाल रे, घाल." मी तिच्या समोर बसून सांगितलं, ती म्हणाली होती तसं. तोंड बघायला तिचे डोळे उघडे नव्हते, तो भाग वेगळा.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. सुनील गाडी लावायला खाली थांबला होता. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, छान, आता काळजी नाही. मग नेहमीसारखं विचारलं, रात्री किती वेळा? आणि मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर कुणाची तरी फाईल होती. डॉक्टरांनाही कळलं, त्यांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "तीन. खरे तीन." येताना गाडीत मी सुनीलला विचारलं, साईड इफेक्ट म्हणजे नक्की काय रे? तो म्हणाला, औषध ज्याच्यासाठी दिलं ते सोडून बाजूला जो परिणाम होतो, तो. मी म्हटलं, हां... माझ्या बाजूला तर तीच निजायची. मी रात्री पाच वेळा उठायचो, म्हणजे तिचीही झोप पाच वेळा मोडायची. मी येऊन घोरायचो, ती मोजत पडायची. शेक मला दिले होते. सुनील गाडी चालवत राहिला.

स्टीलचा पेला मी सुनेला परत वापरायला दिला. पितळी पेला उशाशीच आहे. त्याच्याखाली रिपोर्टचा कागद, घडी करून. आता मी उठेन तेवढे चिंचोके टाकतो, एक कमी नाही, एक जास्त नाही. सकाळी मीच उपडा करतो, मीच मोजतो, आणि भरून ठेवतो. मोजणी बरोबर येते. फक्त रात्री उठताना आधी डावा हात उघडतो, सवयीने. मग उठतो.